मधूनच सोडून गेलेले

७ जानेवारी
डॉक्टरचं टेबल उलटवणार होतो. बाबांनी मनगट धरलं म्हणून वाचला तो.
सिलतऱ्याच्या कारखान्यात जन्म घालवून बाबांची फुप्फुसं घट्ट होत चाललीत. गोळी आहे म्हणे, घ्यायची की नाही ते तुम्हीच ठरवा म्हणाला. पण जगभरच्या चाचण्या जमवून काढलेले दोन रिव्ह्यू आहेत — एक म्हणतो गोळीनं फायदा होतो, दुसरा म्हणतो नाही. औषध तेच, आजार तोच!

८ जानेवारी
यामिनीला फोन करायला कारण मिळालं. लाज वाटते, पण खरं आहे.

११ जानेवारी
सदर बाजारात भेटली. आईचे डूल दुरुस्तीला टाकायचे होते तिला. फार्मसीला आम्ही सोबत होतो. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, ती आता एम. फार्म. करते. सराफाच्या पायरीवर उभ्यानंच दोन्ही रिव्ह्यू मोबाईलवर वाचले.
"चाचण्या बहुतेक त्याच आहेत. पण गोळी सहन नाही झाली म्हणून मधूनच सोडून गेलेले लोक एकानं वगळले, दुसऱ्यानं धरले. टिकले तेवढेच मोजले तर गोळी चांगलीच दिसन ना."
"म्हणजे पहिला खोटाडा?"
"नाही रे. तो पाहते, खाल्ली तर काय होते. दुसरा पाहते, लिहून दिली तर काय होते, मग कोणी खाओ की सोडो. भडकू नको."
भडकलो नाही. 'मधूनच सोडून गेलेले' म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

१२ जानेवारी
गोळी सुरू. रोज मीच देणार. बाबा टिकणाऱ्यांतले होतील.

२ फेब्रुवारी
यामिनीचं ठरलं. भिलाईचा इंजिनिअर. आईनं भाजी निवडता निवडता सांगितलं. खिडकीची काच फोडली. डाव्या हातानं लिहून राहिलो.
बाबांना गोळी दिली.

२० फेब्रुवारी
बाबांना अंगण पार होत नाही. फुंकायच्या तपासणीचा आकडा आणखी खाली. दुसराच रिव्ह्यू खरा. यामिनीला तसं कळवलं. उत्तर एवढंच — "त्यांनी खाल्ल्या ना नक्की?"
मी स्वतः हातावर ठेवतो! ब्लॉक केलं तिला.

२१ फेब्रुवारी
उन्हाळा येतोय म्हणून बाबांच्या खाटेजवळचा कूलर धुवायला काढला. कोरड्या टाकीत गोळ्या. कितीतरी.
"उलट्या होत होत्या बे. अन्न जात नोहतं."
"मग मले सांगितलं काहून नाही?"
"तू पहिल्यांदा काही धरून बसला होता, पोट्ट्या. तुले कसं सांगू, सोड म्हणून?"