विमानातली जागा

ताई,

मी खुशाल आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवते. आईचा गुडघा काय म्हणतोय?

महासत्तांच्या भांडणात न पडता आपला आणि इथला देश आपसात व्यापार करणार आहेत. त्या बोलण्यांत मी दुभाषी आहे. आज इथले सचिव बोलता बोलता अडखळले. खिडकीतून दिसणाऱ्या बंदराचं तोंड परक्या युद्धनौकांनी अडवलं होतं.

चहाच्या वेळी ते मला हळूच म्हणाले, "तुमच्या विमानात माझ्या मुलींना जागा होईल का?"

मी आमच्या साहेबांना विचारलं. कप खाली ठेवत ते म्हणाले, "कसली जागा? आपलंच विमान रद्द झालंय."

सचिवांना हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. मुली बाहेर बॅगा घेऊन बसल्यात.

आईला एवढंच सांग, काम वाढलंय.

तुझीच,
धाकटी