आवळून बांधलेली पट्टी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

करंडक आला! पुढच्या शनिवारी कॉलेजात माझा सत्कार आहे. क्लबकडून अकरा वर्षं फुटबॉल खेळून जे मिळालं नाही, ते पोट सुटल्यावर प्रशिक्षक म्हणून मिळतंय. हस आता.

पण ऐक. आमच्या कॅप्टन पोरीचा घोटा सामन्याआधी सुजला होता. क्लबमध्ये आम्ही बांधायचो तशी पट्टी मी स्वतः बांधली, पाय बधिर होईपर्यंत आवळून. पोरगी पूर्ण सामना खेळली. पट्टी सोडली तेव्हा घोट्याची पार वाट लागली होती. डॉक्टरांनी तिच्या वडिलांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की तिला चालता येईल, पण धावणं संपलं. वडिलांना वाटतंय कुणाची तरी लाथ बसली. मी गप्प बसलो. बोललो तर नोकरी जाईल. ताई, मला काहीच वाटत नाहीये गं. जेवतो, झोपतो. काय करू?

तुझा,
धाकटा

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गाढवा, पोटाबरोबर अक्कलही सुटली का? क्लबमधून सुट्टीला आला होतास तेव्हा तुझ्या पायावर उकळता चहा सांडला. तू पेपर वाचत राहिलास. फोड आला तरी तुला पत्ता नव्हता. मी पाहिलं आणि मूग गिळून बसले, कारण त्याच पेपरात तुझा फोटो होता. चुकलंच माझं. आता तू तरी तोंड उघड. सत्काराआधी जा आणि तिच्या वडिलांना सगळं सांग. नोकरी गेली तर इकडे ये. माझ्या दुकानाचं शटर उचलायला माणूस हवाच आहे.

रागावले तरी माया तीच.
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

सकाळी राजीनामा दिला आणि तसाच तिच्या घरी गेलो. वडील शिलाई मशीनवर होते. त्यांनी सगळं ऐकलं, पण मशीन थांबवलं नाही.

एवढ्यात पोरीने आतूनच मला विचारलं की प्रॅक्टिसला कधीपासून यायचं. तेव्हा मशीन थांबलं. त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं.

मग मीच आत जाऊन सांगितलं. कधीच नाही का, असं तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा कधीच नाही म्हणालो. थोड्या वेळाने ती मला म्हणाली की सर, रडू नका. तेव्हा मला कळलं की मी रडतोय.

रविवारी पोचतो. जमेल तेवढी माया ठेव.
धाकटा