रिकामी वाटलेली भट्टी

प्रिय चिमणे,

काल फोनवर खोकल्याचं निमित्त करून मी बोलणं आटोपलं. खोकला नाही मला. कागदावर तरी जमतंय का बघते.

त्या रविवारी डबा घेऊन तुझ्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा किती हौसेनं समजावलंस. आपलं डोकं एका दिव्याच्या विजेवर चालतं, तेच काम करायला यंत्रांना गावभर वीज लागते. म्हणून तुम्ही असा पदार्थ बनवताय, की वाहून गेलेली वीज त्याच्या अंगात खूण सोडून जाते. पुढे वीज बंद झाली तरी त्याला आठवतं. मी म्हटलं, म्हणजे तुझ्या आत्यासारखं, एकदा बोललेलं जन्मभर लक्षात. केवढी हसलीस. वाटलं, लेकही काटकसरच करतेय, माझ्याच वळणावर गेली.

तुझी ती कुरळ्या केसांची मैत्रीण, तिनं मला स्वतःची खुर्ची दिली, मायलेकींना निवांत जेवता यावं म्हणून बाहेर गेली. तू हात धुवायला गेलीस. कोपऱ्यातली छोटी भट्टी तापलेली, आत ना भांडं ना पातेलं, नुसते नखाएवढे काळे तुकडे. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तरी माझा जीव खालीवर होतो, तुला ठाऊकच आहे. हात आपसूक बटणाकडे गेला. पुण्य केल्यासारखं वाटलं गं.

पुढे तू रडत सांगितलंस, की उष्णतेत ते तुकडे किती महिने आठवण धरतात हे तुम्ही बघत होतात, कुणीतरी भट्टी बंद केली, आता सगळं पहिल्यापासून. लक्ष ठेवायचं काम त्या मैत्रिणीचं होतं, म्हणून बोल तिच्यावर. मी नुसती गप्पही राहिले नाही. म्हणाले, हल्लीच्या पोरींचं लक्ष असतं कुठे. वर तुलाच बजावलं, तिच्यापासून जरा जपून राहा.

देवापुढे रोज कबूल करते. तो रागावत नाही, म्हणून ते सोपं.

काल तू म्हणालीस, तुमचे सर सोमवारी तिला गटातून काढणार. म्हणून हे पत्र बाबांच्या हाती धाडतेय. सरांना दाखव, आणि तिच्यासमोर मोठ्यानं वाच. आईला काय कळतंय, असं म्हणून मला पाठीशी घालू नकोस. मला सगळं कळत होतं, आठवतही होतं, आणि तरी मी तुला तिचंच नाव घेऊ दिलं.

तुझीच, तुझ्याकडे बघायचा धीर नसलेली,
आई