ओल्या साडीचा अभ्यास

१ मार्च १९५३, रविवार
‘कोल्हापूरच्या माताभगिनींनो, भिंतीभिंतीवर तुमची अब्रू टांगली आणि तुम्हाला कुणी विचारलेसुद्धा नाही!’
बुधवारच्या सभेचे पहिले वाक्य झाले. कारण, तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवरचे नव्या सिनेमाचे पोस्टर. नायिका चिंब भिजलेली, साडी अंगाला चिकटलेली. सर्व बाजूंनी तपासले. निषेधाच्या निवेदनावर शंभर स्त्रियांच्या सह्या हव्यात. पहिली आमच्या सौ. मीनाक्षीची.

२ मार्च
मीनाक्षी म्हणते, आधी सिनेमा बघीन, मग सही. मी समजावले की घरंदाज बाईने असले बघू नये. स्त्रीला स्वतःचे मत हवेच. ते मी संध्याकाळी सांगीन. म्हणाली, तुम्ही बघितलासा काय?
अभ्यास म्हणून गेलो. ओले दृश्य दिसले नाही. पान थुंकायला उठलो तेवढ्यात येऊन गेले असावे.

३ मार्च
लागोपाठ दोन खेळ. दृश्य नाही. पुढच्याचा फेटा आडवा आला.
सह्या शून्य. पोस्टर पुन्हा तपासले. ते रंगवणारा केरबा शिडीवरून म्हणाला, मास्तर, रोज येताय, लई आवडलंय जणू. त्याला स्त्रीस्वातंत्र्यावर वीस मिनिटे ऐकवली. खाली उतरला नाही.

४ मार्च, दुपारी ३
आज बायकांचा खास खेळ. मीनाक्षी शेजारच्या मेहरुन्निसाभाभी आणि बायडाबाईंना घेऊन गेली. मला विचारले नाही.

संध्याकाळी ७
सभेला गर्दी. ओल्या साडीवर मी कडाडलो. बायडाबाई मधेच उठल्या. म्हणाल्या, अवो मास्तर, अख्ख्या पिक्चरात दुष्काळ हाय की. भिजंल कुठं ती?
हशा. मीनाक्षी माइकपाशी आली. म्हणाली, ती पाटलाच्या पोराला नकार देते, एकटी विहीर खणते. ह्यांना तीन खेळांत विहीर दिसली न्हाय.
मग तिने बायकांचे निवेदन वाचले. पहिले वाक्य माझेच, अक्षरशः. पुढे एकच मागणी: साडी कोरडी करा, हातात कुदळ द्या. खेळ सुटल्यावर दारातच एकशेतेरा सह्या झाल्या होत्या. मी पेन काढले. भाभी म्हणाल्या, हे फक्त बायकांचं हाय.

५ मार्च, सकाळी ८
एवढ्या सह्या बघून थिएटरचा मॅनेजर कबूल झाला. तिकटीवर मीनाक्षी सांगते, केरबा रंगवतो. प्रसंगाला साजेसे दोन शब्द बोलावेत म्हणून घसा साफ केला.
मीनाक्षी म्हणाली, बोलू नका. शिडी धरा.