आठव्या दिवशी परत आला

३ मार्च, सोमवार

आजही आवाज नाही! सगळा मैदानावर सांडून आला आणि घरात एक बोट वर — म्हणजे चहा. दोन बोटं म्हणजे गुळण्यांना गरम पाणी. तळहात पुढे म्हणजे आई, आता पुरे. चौतीस वर्षं माझा मुलगा शाळेत फुटबॉल शिकवतो आणि घरी वाहतूक पोलिसासारखे हातवारे करतो. रविवारी दुपारी जरा कंठ फुटतो, सोमवारी शाळेत परत जमा.

याच महिन्यात निवृत्त होणार. मग बघते कसा बोलत नाही ते.

हे नात लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही, जीभ तेवढी येते. तिला बजावलंय, बापाला यातलं काही कळता कामा नये. "आजी, त्यांना वेळ कुठेय!" म्हणाली. तेही खरंच.

५ मार्च

विचारायचं आहे ते एकच. इतकी वर्षं गिळून बसले आहे.

तेवीस वर्षांचा होता. दूरच्या एका मोठ्या क्लबाने बोलावलं. त्याचे वडील जाऊन महिनाही झाला नव्हता, तरी मीच म्हटलं, जा. बॅग भरून गेला. आणि आठव्या दिवशी बॅगेसकट दारात उभा! मला रडू फुटलं. "माझ्यासाठी आलास ना रे?" म्हटलं. त्याने मान हलवली. खरं सांगू? रडता रडता आतून सुखावले होते मी.

पुढच्या वर्षी शाळेत लागला. भूगोल आणि फुटबॉल. अकरा मुलं, बुटांचे नऊ जोड. दोघं अनवाणी खेळायचे, मध्यंतरात बूट बदलायचे.

लोक म्हणतात गुणी मुलगा. मला आपलं वाटतं, मीच पायात पाय घालून त्याला पाडलं आणि शिट्टी मारायला पंचच नव्हता. पस्तावलास का रे? एवढंच विचारायचं आहे.

९ मार्च, रविवार

दुपारी आवाज आला होता. समोर जाऊन बसले.

"कसं चाललंय?"

"बरं."

झालं संभाषण! मग गोलकीपरच्या वडिलांचा फोन आला. त्यांच्याशी पाऊण तास. त्या पोराचा डावा पाय असा, डावा पाय तसा. माझे दोन्ही पाय दुखतात, त्याची चौकशी नाही.

१५ मार्च, शनिवार

शेवटचा सामना. मी गेले. पहिल्यांदा!

इतकी वर्षं ऊन सोसत नाही म्हणायचे, गुडघे म्हणायचे. सगळे बहाणे. खरं म्हणजे त्याला त्या लहानशा मैदानावर बघवणार नाही, असं वाटायचं. ज्याने मोठ्या मैदानावर असायचं, तो इथे सकाळी सहाला उठून दोरी धरून फक्की मारतो, पांढऱ्या रेघा सरळ आल्या का ते वाकून बघतो.

हरले. दोन-एक. बचावातल्या एका मुलाने आपल्याच जाळ्यात चेंडू घातला. तो तिथेच बसला, उठेना. मैदानभर ओरडा. हा सावकाश चालत गेला, शेजारी गवतात बसला. काहीतरी बोलला — आणि पोरगं हसलं की! नातीला पिटाळलं, ऐकून ये. धावत आली. "बाबा म्हणाले, नकाशात पण तू नद्या उलट्याच वाहवतोस."

घसा बसलेला, तरी बोलतच होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून, कितीतरी वेळ. मी खुर्चीवरून बघत राहिले. हा माणूस आमच्याकडे राहतो? एवढं बोलणं होतं याच्याकडे?

मला त्या पोराचा हेवा वाटला. या वयात! लिही, लिही, लाजतेस काय?

२२ मार्च, शनिवार

निरोप समारंभ. जुने खेळाडू आले होते. एक दातांचा डॉक्टर, एक बस चालवतो, एक पार टकला — म्हणे कप्तान होता. गणितात नापास झाला म्हणून याने त्याला अख्खा मोसम बाकावर बसवलं होतं. आज तोच सगळ्यात जास्त रडला.

मुख्याध्यापिका बाई बोलल्या. "आईसाठी मोठा क्लब सोडून आलेला मुलगा!" टाळ्यांचा कडकडाट. सगळ्या माना माझ्याकडे. मी पहिल्या रांगेत, बुडाखाली खास उशी. कुठे तोंड लपवू असं झालं. याने मान वर केली नाही. बुटांकडे बघत होता.

अजून सलतंय त्याला. दिसलं मला.

२४ मार्च, सोमवार

घरी बसल्याचा पहिला दिवस. पाच वाजता आम्ही दोघं चहाला. याच चहाची वाट बघत होते! आवाज ठणठणीत. आणि बोलायला काही नाही. घड्याळाकडे बघतो, खिडकीकडे बघतो.

२५ मार्च

चपलांचं कपाट आवरलं. मापाप्रमाणे! सुनेला स्वयंपाकघरात कुठे उभं राहायचं ते शिकवलं. ती म्हणाली, "आई, यांच्या जागी बदली खेळाडू मिळेल का हो?"

२७ मार्च

उद्या विचारते.

२८ मार्च

उद्या.

३० मार्च, रविवार

विचारलं. "माझ्यासाठी परत आलास. पस्तावलास का?"

कप खाली ठेवला. म्हणाला, "आई, सातव्या दिवशी त्यांनी निवडलेल्यांची यादी लावली. माझं नाव नव्हतं. घरी आलो तर तू रडत विचारलंस. मी मान हलवली. मग सगळेच तसं म्हणायला लागले."

हलकं वाटायला हवं होतं! पस्तीस वर्षांचं ओझं. पण मला आपलं रितं रितं झालं. कुणीतरी आपल्यासाठी एवढं सोडून आलंय, या ओझ्याची ऊबही होती की. आता कुणी काहीच सोडलेलं नाही.

म्हणाला, "सांगून टाकतो आता सगळ्यांना. लाज वाटते टाळ्यांची."

म्हटलं, खबरदार कुणाला सांगितलंस तर! एवढं तरी माझ्यासाठी कर.