मुक्या रानातले नऊ दिवस

औंढा,
माघ वद्य ५, शके १८५९

चि. सौ. सुनीतीस,

गंगूताईचे अनेक आशीर्वाद. इकडची तब्येत बरी आहे. हरभरा यंदा चांगला आला, थंडीही ओसरली. गोपाळराव माझ्या ओसरीवर निजले आहेत. घाबरू नकोस, जिवंत आहेत. हे आधी लिहायचे सोडून मी मेली हरभऱ्यापासून सुरुवात केली.

तुमची पोर कमळी गेल्यापासून ते बोलेनात, जेवेनात, म्हणून तू माझ्या शब्दावर त्यांना मुक्या रानात बसवायला धाडलेस. नऊ दिवस डोहाकाठी एकट्याने बसायचे, रान मनावरचे ओझे उतरवून घेते. घरच्यांनी सकाळी दगडावर भाकरी ठेवायची आणि मागे न बघता परतायचे. नाव घेऊन हाक मारली, तर सांधत आलेले मन कायमचे तुटते म्हणतात.

रोज फडके रिकामे मिळे, मी खूश. काल, पाचव्या दिवशी, मागे काहीतरी खसखसले आणि मी वळून बघितले. वानर भाकरी खात होते.

आत जावे तर नेम मोडतो, न जावे तर माणूस जातो. आणि सुनीती, मी घरी आले. कोणाजवळ बोलले नाही. दिवसभर डाळ निवडत बसले.

आज उजाडताच आत शिरले आणि नावाने हाका मारल्या. डोहाशी पडले होते, ओठ फुटलेले. घरी आणून पेज पाजली, तर पहिला शब्द काय? "ताई, कशाला हाक मारलीत? आत्ता कुठे शांत वाटत होते."

रान राखणारा संतराम गुरव अंगणात येऊन उभाच. "बाई, काहून हाक मारली तुमी? उद्या त्यायला परत बसवा, न्हाईतर मानूस हातचा गेला. तुमी सवता बऱ्या झाल्या न्हाई का तिथं?"

गोपाळरावही म्हणतात, जातो.

मी बरी झाले! बारा वर्षांपूर्वी माझा वासू गेला, तेव्हा मी तिथे बसले आणि हसत बाहेर आले, असे सारा गाव सांगतो. मीही तेच सांगत आले. चौथ्या दिवसापासून तू चोरून येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसायचीस, आठवते? तुला वाटते, तू नेम मोडलास तरी रानाने मला सावरले. नाही ग. आधीचे तीन दिवस मी नुसती डोहाचे खोल पाणी बघत होते. तू आलीस म्हणून उठले. तिथल्या गारव्याने जीव निवतो, ते खोटे नाही. पण तेवढ्याने मी जगले नसते. लोक पाया पडू लागले आणि माझी जीभ लुळी पडली. त्याच खोट्यावर तू त्यांना इथे धाडलेस.

उद्या ते गेले तर अडवणार नाही. संतरामाच्या देखत त्यांच्याशेजारी जाऊन बसेन, गावाला काय बोलायचे ते बोलू दे. पण ती जागा माझी नाही. रामकिशन हळदीची गाडी घेऊन हिंगोलीला निघाला आहे, हे पत्र त्याच्याच हाती देते. त्याच गाडीने निघून ये. मला शिव्या मागाहून दे.

तुझे माणूस पणाला लावून गप्प बसलेली,
गंगू