क्रमांक सतराची प्रेरणा

शहापूर,
२४ जुलै २००६

चि. श्वेता हिस,
मामाचे सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

आपल्या कंपनीच्या कल्याणच्या किराणा दालनातून वर्षाकाठी तीसेक माणसे नोकरी सोडतात. पगार व सवलती माणसाची नाराजी फक्त थोपवतात. त्याला बांधून ठेवते ती जबाबदारी आणि तिच्यासोबत येणारा मान, असे प्रेरणेचा सिद्धांत सांगतो. मुख्य कार्यालयात मी हे सप्रमाण मांडले आणि सर्वाधिक गुणांच्या माणसाला बढती देण्याची माझी योजना प्रथमच जशीच्या तशी मंजूर झाली. वशिल्याचा आरोप नको म्हणून मूल्यमापनाच्या तक्त्यावर नावांऐवजी क्रमांक ठेवले होते. सर्वाधिक गुण क्रमांक सतराला पडले. यादी उघडली, तर सतरा म्हणजे तू!

एक ऑगस्टपासून तू मजल्याची पर्यवेक्षक. रात्री दालन तूच बंद करायचे, किल्ल्या तुझ्या ताब्यात. तुझी आई, आमची चिमाताई, मला जन्मभर पुस्तकी म्हणून चिडवत आली. आता वैशाखऱ्यात पेढे तिनेच वाटावेत.

तुझी भरभराट पाहू इच्छिणारा,
धम्मपालमामा

वैशाखरे, ता. मुरबाड,
१९ ऑगस्ट २००६

ती. मामांस,
श्वेताचा सविनय जयभीम.

पेढे वाटले. आई दोन दिवस ताठ मानेने फिरली. पण मामा, कल्याणहून आमची शेवटची एस.टी. पावणेआठला सुटते आणि दालन बंद होतं साडेनऊला. आधी मी साडेसहाला सुटायची. आता काउंटरवरच्या जयाकडे कल्याणलाच राहते. तिची सासू पहिल्या आठवड्यात चहा विचारायची, आता माझ्यासमोर अंथरुणं मोजते. घरी येते फक्त सुट्टीला. आई म्हणते, पोर सायबीन झाली नि घरची पावणी झाली. माज्या भावाला लिव गो, तुज्या शिद्धांताला हात दाकवून एश्टी थांबव म्हनावं.

खरं सांगू? नोकरी मला आवडत होती ती तांदळाच्या काउंटरमुळे. बायका विचारायच्या, या तांदळाला पाणी किती? मी दाणा दाताखाली चावून सांगायची. चार दिवसांनी येऊन म्हणायच्या, भात मोकळा झाला गं तुझ्यामुळे. आता दिवसभर इतरांच्या हजेऱ्या बघते. मला किल्ल्या नकोत, माझा तांदूळ परत द्या. मॅनेजरना तसं लिहून दिलं, तर म्हणाले, नियम मुख्य कार्यालयाचा आहे.

रागावू नका. माया आहे तशीच ठेवा.
तुमची,
श्वेता

शहापूर,
२८ ऑगस्ट २००६

चि. श्वेता हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. योजनेचे कलम सहा असे आहे: जबाबदारी दोनदा लेखी नाकारणाऱ्याची नोंद 'प्रेरणेचा अभाव' अशी करावी व त्याचा करार पुढे वाढवू नये. योजना कोणी हलक्यात घेऊ नये म्हणून ते कलम मीच घातले. तुझ्यापुरता अपवाद करावा म्हणून वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी कलम सहा मलाच वाचून दाखवले आणि भाषा निःसंदिग्ध असल्याबद्दल माझे कौतुक केले.

नंतर एस.टी.च्या आगारात अर्ज घेऊन गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि एका प्रवाशासाठी गाडी सोडता येत नाही, हे सौजन्याने सांगितले. त्यांचेही बरोबरच आहे. सिद्धांताची टिपणे पुन्हा काढली. त्यांत वेतन आहे, देखरेख आहे, कामाची परिस्थिती आहे. शेवटची गाडी कुठेही नाही.

एकदा नाकारून झाले आहे. दुसऱ्यांदा लिहून देऊ नकोस. महिनाभर कळ काढ, मी मार्ग काढतो.

तुझा हितचिंतक,
धम्मपालमामा

वैशाखरे,
९ सप्टेंबर २००६

ती. मामांस,
सविनय जयभीम.

काल दुसऱ्यांदा लिहून दिलं. जयाच्या सासूने माझी पिशवी दारात ठेवली होती. भांडण नाय, तंटा नाय. कपडे नीट घडी करून ठेवले होते. पिशवी उचलली नि तशीच दालनात जाऊन लिहून दिलं.

माझा नोकरी सोडल्याचा तक्ता सहीला तुमच्याकडे येईल. खाली तुमचंच नाव छापलेलं आहे. अडवून धरू नका. तुमच्या नोकरीची चार वर्षं उरलीत. आई म्हणते, माजा भाऊ वाईट नाय, त्याला एश्टीचा टाइम ठाव नव्हता.

तुमची,
श्वेता

शहापूर,
७ ऑक्टोबर २००६

चि. श्वेता हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तक्ता आला. त्यावर नाव नव्हते, फक्त सतरा. सोडण्याची पाच कारणे छापलेली आहेत. मॅनेजरनी पाचव्यावर खूण केली होती: प्रेरणेचा अभाव. मी ती खोडून समासात लिहिले, 'शेवटची एस.टी. ७.४५'. तक्ता परत आला. छापील रकान्यांबाहेर मजकूर असल्यास तक्ता बाद समजावा, अशी तळटीप आहे. तीही माझीच. नवा तक्ता भरला, पाचव्यावर स्वतःच खूण केली आणि सही केली. तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून लिहितो.

गुरुवारी कल्याणच्या दालनात गेलो होतो. तांदळाच्या काउंटरवर कोणी नाही. मदतीसाठी घंटी वाजवा, अशी पाटी आहे. एका बाईंनी दोनदा वाजवली. कोणी आले नाही. गळ्यातले ओळखपत्र पाहून त्यांनी मलाच विचारले, या तांदळाला पाणी किती घालायचे?

मी दाणा दाताखाली चावून पाहिला. मला काहीच कळले नाही. शेवटी त्यांचा पत्ता लिहून घेतला आणि विचारून कळवतो, असे सांगितले.

तांदूळ कोलम आहे, नवा. रागावली असलीस तरी एवढे उलटटपाली कळव.

तुझा,
धम्मपालमामा